सामाईक जागेतील राखण

पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्ती घडविणारे, त्यांवर रंग चढविणारे आणि डोळ्यांची नाजूक आखणी करणारे कारागीर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. पेणच्या दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या काठी, रोहा हे दुसरे गाव आहे. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत असून तेथील कारखान्यांत दिवसपाळी आणि रात्रपाळी अशी कामे चालतात. पूर्वी या गावांतील घरे बहुधा कौलारू असत. पुढे पडवी आणि मागे परसू. घरात सायकल असली तर ती रात्री पडवीत आणून ठेवावी, दाराला आतून अडसर घालावा आणि निश्चिंत झोपावे, असा रिवाज होता. आता अनेक कौलारू घरांच्या जागी तीन-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. माणसे वर राहतात आणि वाहने खाली राहतात. खांबांवर उभ्या असलेल्या या इमारतींच्या तळाशी जी मोकळी जागा असते, तीच वाहनतळ होय. लोक तिला ‘पार्किंग’ असे म्हणतात.

या जागेत रात्री ओळीने मोटारसायकली उभ्या असतात. त्यांतील प्रत्येक गाडीवर एकेका घराचा चरितार्थ बेतलेला असतो. धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून कामगार परततो, तेव्हा एस.टी.ची गाडी मिळेलच असे नसते. हमरापूर किंवा जोहे येथील मूर्तींच्या कारखान्यात रंगकामासाठी जाणाऱ्या कारागिराला भाद्रपदापूर्वीच्या दिवसांत पहाटे निघावे लागते. एखाद्या सकाळी असा मनुष्य जिना उतरून खाली यावा आणि गाडीच्या जागी फरशीवर पडलेला तेलाचा काळा डाग तेवढा त्याच्या दृष्टीस पडावा, म्हणजे त्याच्यावर काय प्रसंग ओढवत असेल याची कल्पना करता येईल. कामाचा दिवस बुडतो. पोलीस ठाण्यात जावे लागते. गाडी कर्जाने घेतली असेल तर ती गेली तरी हप्ता थांबत नाही. पुढच्या महिन्यात बँक तो मागतेच.

वास्तविक पाहता, इतकी माणसे जेथे राहतात तेथे चोराला भीती वाटावयास हवी. रानात एकट्या उभ्या असलेल्या गाडीपेक्षा वीस बिऱ्हाडांच्या इमारतीखालची गाडी अधिक सुरक्षित असावी. परंतु तसे होत नाही, आणि त्याचे कारण त्या जागेच्या स्वभावातच आहे. सामाईक विहिरीचा रहाट मोडला की तो दुरुस्त कोणी करावा, असा प्रश्न पडतो. पाणी सर्वांनाच हवे असते, पण दोरखंडाचे पैसे पहिल्याने कोणी काढावयाचे? वाहनतळाचेही तसेच आहे. अनोळखी मनुष्य एखाद्या गाडीशी खटपट करताना दिसला, तर पाहणाऱ्याला वाटते की, हा तिसऱ्या मजल्यावरच्यांचा पाहुणा असेल. तिसऱ्या मजल्यावरचे समजतात की, तळमजल्यावरच्यांनी बोलाविलेला हा मेस्त्री असेल. अशा रीतीने चोर सर्वांच्या देखत सर्वांचाच कोणीतरी होऊन जातो. अंधारापेक्षा हा गैरसमज त्याच्या अधिक उपयोगी पडतो.

काही दिवस तर त्याला विशेष अनुकूल असतात. गणेशोत्सव जवळ आला की पेणमध्ये दूरदूरचे गिऱ्हाईक येते, टेंपो गल्लीबोळांत उभे राहतात, आणि अनोळखी चेहऱ्याचे कोणालाच नवल वाटत नाही. रोह्यास दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. या दैवताला पोलीस मानवंदना देतात, ही रोहेकरांच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्या वेळी आबालवृद्ध पालखीबरोबर किंवा पालखीची वाट पाहत रस्त्यावर असतात. घरांना कुलपे लावण्याची आठवण प्रत्येकाला राहते, पण वाहनतळाच्या फाटकाची आठवण कोणाला राहते?

वाहनतळ नेमका कोणाचा, हा वाद एकदा थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबईत दहिसर येथे पंचाली नावाची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या इमारतींच्या खांबांमधील वाहने ठेवण्याची जागा स्वतंत्रपणे विकण्याचा आपणास हक्क आहे, असे इमारती बांधणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने ते अमान्य केले. ती जागा इमारतीच्या सामाईक भागात मोडते, ती फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही, असा निकाल झाला. म्हणजे जागा सर्वांची हे ठरले. आता राखण कोणाची? त्याविषयी दिल्लीतील एका प्रकरणाचा निकाल जाणण्याजोगा आहे. १९९८ साली एका मोठ्या हॉटेलात आलेल्या पाहुण्याने आपली मोटार किल्लीसह तेथील नोकराच्या स्वाधीन केली. मोटार चोरीस गेली. पाहुण्याला दिलेल्या पावतीवर ‘जबाबदारी मालकाची’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. परंतु ज्याने किल्ली व गाडी ताब्यात घेतली, त्याने ती सांभाळण्यात कसूर केली नाही हे दाखविले पाहिजे, केवळ छापील ओळीच्या आडोशाने त्याला सुटता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सांगितले. इमारतीखालच्या वाहनतळात मात्र कोणी कोणाच्या हाती किल्ली देत नाही. गाडी मालकाने स्वतःच उभी केलेली असते आणि किल्ली त्याच्याच खिशात असते. तेव्हा पहिली राखण त्याचीच ठरते.

ती कशी करावयाची, हे समजण्यासाठी चोर काय करतो ते पाहिले पाहिजे. मोटारसायकलला हँडलचे कुलूप असतेच. हँडल एका अंगास वळवून किल्ली फिरविली की आतील लोखंडी खिटी खाचेत जाऊन बसते आणि हँडल सरळ होत नाही. पण ती खिटी बोटापेक्षाही बारीक असते. हँडलला जोराचा हिसका बसला तर ती मोडू शकते. शिवाय मोटारसायकल हे काही मोटारीसारखे जड वाहन नव्हे. दोघे-तिघे धट्टेकट्टे लोक तिला उचलून टेंपोत ठेवू शकतात. चोर वाहनतळात इंजिन सुरू करीत नाही. तो गाडी आवाज न करता ढकलीत रस्त्यापर्यंत नेतो. पेणहून मुंबई-गोवा महामार्ग हाकेच्या अंतरावर आहे. तेथे पोहोचल्यावर ती गाडी शेकडो वाहनांतील एक होऊन जाते.

म्हणून हँडलच्या कुलपाच्या जोडीला दुसरे काहीतरी हवे. ज्या गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असतो, त्या चाकातील पोलादी चकतीला भोके असतात. त्यांतील एका भोकातून कुलूप अडकविले की चाक फिरत नाही. काही कुलपांना हलविताच कर्कश वाजणारी घंटाही असते. मात्र हे कुलूप लहान आणि नजरेआड असल्यामुळे मालकच ते विसरतो, घाईने गाडी सुरू करतो आणि दोन पावलांवर आपटतो. याकरिता कुलपापासून हँडलपर्यंत रंगीत दोरी बांधून ठेवण्याची पद्धत आहे. जुन्या धर्तीचा ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला असले कुलूप बसत नाही. तेथे साखळीच पाहिजे. साखळी पाणी दिलेल्या कठीण पोलादाची असावी, आणि ती चाकातून व गाडीच्या सांगाड्यातून ओढून भिंतीत पक्क्या बसविलेल्या कडीला अडकवावी. साखळी जमिनीवर लोळू देणे हे मोठे अज्ञान होय. फरशीवर पडलेल्या कडीला फरशीच ऐरणीसारखी उपयोगी पडते, आणि मोठ्या कातरीचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर सर्व अंगाचा भार टाकता येतो. तीच साखळी अधांतरी ताणलेली असली तर चोराचे बळ निम्मे वाया जाते.

कोकणात याहून एक साधी अडचण आहे, ती गंजाची. येथे पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाडीची हवा बारमाही दमट असते. नवी साखळी मृगापूर्वी उत्साहाने लावली जाते. श्रावणात किल्ली अडकू लागते. आणि नवरात्र येईपर्यंत ती साखळी जिन्याखाली अडगळीत पडलेली असते. चोराने तोडलेल्या कुलपांपेक्षा मालकांनी कंटाळून सोडून दिलेली कुलपेच गावात अधिक सापडतील. पंधरवड्यातून एकदा तेलाचे दोन थेंब कुलपात सोडणे आणि किल्लीचे तोंड खाली राहील असे ते टांगणे, एवढ्याने हे टळते.

भिंतीत कडी बसविण्यास संस्थेची परवानगी मिळत नसेल, तर शेजाऱ्याचे साहाय्य घेता येते. दोन शेजाऱ्यांच्या मोटारसायकली एकाच साखळीने एकमेकींना जखडल्या म्हणजे चोराला दोन्ही एकदम उचलाव्या लागतात, आणि ते सोपे नाही. पण एकाची पाळी पहाटे आणि दुसऱ्याची कचेरी दहा वाजता. किल्ली कोणाकडे राहावी? यावर एक जुनी युक्ती आहे. साखळीच्या एका टोकाला एकाचे कुलूप घालावे, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचे घालावे, आणि ही दोन्ही कुलपे एकमेकांत अडकवावीत. मग ज्याला आधी निघावयाचे असेल त्याने आपले कुलूप उघडावे, गाडी बाहेर काढावी, आणि साखळी शेजाऱ्याच्या चाकाभोवती घेऊन आपले कुलूप पुन्हा त्याच्या कुलपात अडकवावे. पहाटेच्या घाईत हे शेवटचे काम करण्याइतका सलोखा शेजाऱ्यांत असला पाहिजे, हे मात्र खरे!

अनेक इमारतींत आता कॅमेरे बसविलेले असतात. त्यांचा उपयोग आहे, पण तो बहुधा मागाहून होतो. कॅमेरा पाहतो, ‘कोण रे तू?’ असे विचारीत नाही. शिरस्त्राण घातलेल्या माणसाचा चेहरा त्यात उमटत नाही, आणि काही दिवसांनी जुन्या चित्रांवर नवी चित्रे चढतात. हटकण्याचे काम पहारेकऱ्याचे. परंतु त्याची खुर्ची कोठे ठेवली आहे हे किती संस्था पाहतात? बहुतेक ठिकाणी ती फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून असते, आणि गाड्या त्याच्या पाठीमागे असतात. खुर्ची फिरविण्यास एक पैसाही लागत नाही. कोणती गाडी कोणाची हे तर वाहनतळात चेंडूफळी खेळणाऱ्या मुलांना सर्वांहून चांगले ठाऊक असते, कारण त्यांचा चेंडू रोज त्याच गाड्यांखाली जातो. अपरिचित मनुष्य गाडीजवळ घुटमळताना दिसला तर त्याच्या अंगावर धावून जाणे हे मुलांचे काम नव्हे. त्यांनी घरी वर जाऊन मोठ्यांना सांगावे. मोठ्यांनी ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

पूर आला म्हणजे हीच कुलपे आड येतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्यातील कित्येक सखल भागांत पाणी शिरले होते. अशा वेळी मालक कामावर असेल आणि गाडी भिंतीला जखडलेली असेल, तर शेजाऱ्यांना ती पाण्यातून हलविता येत नाही. याकरिता घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला साखळीची दुसरी किल्ली कोठे आहे हे माहीत असावे लागते. अर्थात ती जागा दाराबाहेरचा खिळा ही नव्हे.

एवढे करूनही गाडी गेली, तर प्रथम पोलीस ठाण्यात खबर नोंदवावी लागते. चोरीच्या गुन्ह्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागू आहे. त्यानंतर विमा कंपनीला विलंब न लावता कळवावे लागते. येथे पुष्कळांचा भ्रमनिरास होतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु ती पाच वर्षे आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याच्या भरपाईची असतात. आपली स्वतःची गाडी चोरीस गेल्यास पैसे मिळावेत, यासाठी विम्याचा वेगळा भाग असतो आणि तो मुदत संपताच पुन्हा उतरवावा लागतो. दावा करताना विमा कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली गाडीलाच राहिली होती असे निघाले, तर मालकाला उत्तर देणे कठीण जाते.

चोरीची गाडी काही वेळा सापडतेही. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या वाहनांना ॲल्युमिनियमची, अशोकचक्राची चमकती खूण असलेली क्रमांकपाटी लावलेली असते. ती काढू गेल्यास तिची खिळण तुटते आणि पुन्हा बसत नाही. तरीही चोर ती उपटून फेकतो. मग ‘एम.एच. ०६’ या पेणच्या परिवहन कार्यालयाच्या खुणेचा मागमूस राहत नाही. गाडीचा रंगही बदललेला असतो. अशा वेळी पोलीस हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर कोरलेला सतरा अक्षरांचा व अंकांचा क्रमांक पाहतात. त्यावरील धूळ व तेल फडक्याने पुसून काढतात, आणि मालकाने घरच्या पेटीतून आणलेल्या नोंदणीच्या कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहतात.