विमान उतरल्यावर आगगाडी : काळाच्या गणिताचा एक पाठ

आपल्या गावांतील पुष्कळ घरांतून आज कोणी ना कोणी परदेशी राहतो. त्याला भेटावयास आजी-आजोबा विमानाने जातात आणि काही महिन्यांनी परत येतात. विमान त्यांना मुंबईस आणून सोडते. पुढे वडोदरा, बेळगाव, इंदूर किंवा मडगाव गाठावयाचे असते ते आगगाडीने. या दोन वाहनांमधला जो काळ, त्याची आखणी बहुधा घरातील शाळकरी मुलांकडेच येते. म्हणून या लेखात तिचा पद्धतशीर विचार करावयाचा आहे.

आरंभी एक मूलभूत गोष्ट ध्यानी घ्यावी. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या विमानतळाखाली १९८० पासून रेल्वेस्थानक आहे. जर्मनीतील फ्रांकफुर्ट विमानतळाला १९९९ पासून दूर पल्ल्याच्या गाड्यांचे स्वतंत्र स्थानक आहे. तेथे उतारू सामान घेऊन निघतो तो पायीच फलाटावर पोहोचतो. मुंबईत तसे नाही. येथे विमानतळ एकीकडे आणि गाडी सुटण्याची स्थानके अनेक, तीही दूरदूर. शिवाय विमानाचे आणि गाडीचे तिकीट हे दोन निरनिराळे करार आहेत. विमानास उशीर झाला म्हणून गाडी थांबत नाही, आणि चुकलेल्या गाडीचे पैसे विमान कंपनीकडे मागता येत नाहीत. तेव्हा सारी भिस्त आपल्या आखणीवर.

पहिली पायरी : घड्याळ आणि तारीख

विमानाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ त्या देशाची व पोहोचण्याची वेळ आपल्या देशाची असते. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. समजा, हिवाळ्यात ९ तारखेस लंडनहून सकाळी १० वाजता विमान निघाले व प्रवासास ९ तास लागले. १० + ९ + ५॥ = २४॥; म्हणजे विमान मुंबईस मध्यरात्रीनंतर साडेबारास उतरेल, आणि तारीख असेल १०. उन्हाळ्यात इंग्लंडमधील घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा अंतर साडेचार तासांचेच राहते.

घात होतो तो येथेच. ‘नऊ तारखेच्या रात्री विमान येणार’ असे घरात सर्वांच्या तोंडी असते, आणि गाडीचे तिकीट काढले जाते नऊ तारखेच्या सकाळचे! रेल्वेचा दिवस मध्यरात्री बाराला बदलतो. रात्री १२-०५ ला सुटणारी दहा तारखेची गाडी पकडावयाची असेल, तर नऊ तारखेच्या रात्रीच स्थानकावर हजर असावे लागते. म्हणून तारीख तोंडी सांगू नये. वारासह कागदावर लिहावी.

दुसरी पायरी : कोणते स्थानक?

मुंबईत इतकी स्थानके का, याचे उत्तर इतिहासात आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती जी. आय. पी. कंपनीची. पश्चिम किनाऱ्याने गुजरातेकडे गेलेला मार्ग बी. बी. अँड सी. आय. या दुसऱ्या कंपनीने बांधला. १९५१ साली त्यांतून मध्य आणि पश्चिम रेल्वे निर्माण झाल्या; पण दोन मार्ग व दोन टोके कायम राहिली.

यामुळे वडोदऱ्याच्या गाड्या मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे टर्मिनसहून सुटतात. इंदूरची अवंतिका एक्सप्रेस मुंबई सेंट्रलची. ग्वाल्हेरवरून जाणारी पंजाब मेल, हैदराबादची हुसेनसागर आणि मडगावची कोकणकन्या या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या. बेळगाववरून जाणाऱ्या चालुक्य आणि शरावती या दादरच्या. काही गाड्या कुर्ल्याजवळील लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघतात. कामांमुळे यांत कधी बदलही होतो. म्हणून तिकिटावर छापलेले नाव हेच प्रमाण मानावे.

नावांचे घोटाळेही ओळखून ठेवावेत. आजोबा ज्याला ‘व्ही. टी.’ म्हणतात, तेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ‘मुंबई सेंट्रल’ हे मध्य रेल्वेचे नसून पश्चिम रेल्वेचे स्थानक आहे. वांद्रे टर्मिनस आणि लोकल गाड्यांचे वांद्रे स्थानक ही दोन निराळी ठिकाणे आहेत.

तिसरी पायरी : मिनिटांची बेरीज

विमान जमिनीला टेकले म्हणजे प्रवासी मोकळा झाला, असे नव्हे. पुढील टप्पे ओळीने मांडून प्रत्येकापुढे सढळ हाताने वेळ लिहावी : विमानातून बाहेर येणे, पारपत्राची तपासणी, पट्ट्यावरून सामान मिळणे, जकात तपासणी, वाहन शोधणे, रस्ता, आणि शेवटी फलाट.

आता उदाहरण घेऊ. सत्तरी उलटलेल्या एक आजीबाई लंडनहून एकट्या येत असून त्यांना वडोदऱ्यास जावयाचे आहे. विमान साडेबारास उतरेल. बाहेर येण्यापर्यंत दीड तास धरू, म्हणजे दोन वाजले. स्थानकाचा रस्ता व तेथील चढउतार यांसाठी एक तास, म्हणजे तीन. गाडी समजा मुंबई सेंट्रलहून सकाळी ६-२० ची आहे. हाती तीन तास वीस मिनिटे उरतात. विमानास दोन तास उशीर झाला तरी आजीबाई पाचपर्यंत फलाटावर येतील. हेच तिकीट पहाटे चारच्या गाडीचे असते, तर एका तासाच्या उशिरानेच ती चुकली असती. आणि गाडी चुकली म्हणजे केवळ पैसे जात नाहीत, तर राखून ठेवलेली जागाही जाते. मग अपरात्री परक्या शहरात, सामानासह, एका वृद्ध स्त्रीने काय करावे? ही शिल्लक वेळ वाया गेलेली नसते. तीच आजीबाईंची खरी सोबत होय. उरलेला काळ मात्र स्थानकावर न काढता विमानतळावर, उजेडात व माणसांत काढावा आणि पहाटे निघावे.

वाहनाचा विचारही घड्याळ पाहूनच करावा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोचा तिसरा मार्ग पूर्ण सुरू झाला असून तो विमानतळाचे टर्मिनल २, दादर, मुंबई सेंट्रल व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांना जोडतो. परंतु तो मध्यरात्री बंद असतो. त्या वेळी अधिकृत टॅक्सी किंवा आप्तांचे वाहन हाच मार्ग. तसेच वडोदऱ्याकडील पुष्कळ गाड्या बोरिवलीस थांबतात. ते स्थानक विमानतळाच्या उत्तरेस, म्हणजे गाडीच्याच दिशेस असल्याने शहरात खाली जाण्याचा हेलपाटा वाचतो. मात्र तिकिटावर चढण्याचे स्थानक बोरिवली असे आधी नोंदवून घ्यावे. नाहीतर आसन दुसऱ्यास दिले जाण्याचा संभव असतो.

चौथी पायरी : दुसरा बेत

विमानाचे तिकीट कित्येक महिने आधी निघते. परंतु १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते. तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. त्याचबरोबर आपल्या गाडीनंतरची दुसरी गाडी कोणती, ती कोठून सुटते, आणि रात्र काढावी लागल्यास कोणाकडे जावयाचे, हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावे. मोबाईलची शक्ती संपली तरी चिठ्ठी वाचता येते.

भूगोलातील रेखांश आणि अंकगणितातील बेरीज आपण परीक्षेसाठी शिकतो. परंतु त्याच बेरजेवर आपले एखादे माणूस सुखरूप घरी पोहोचते, तेव्हा त्या विद्येचे चीज झाले असे समजावे.

स्वाध्याय

१. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तेथून रात्री ९-३० ला सुटलेले विमान तीन तासांनी मुंबईस उतरल्यास येथे किती वाजले असतील? तारीख बदलेल काय?

२. त्या विमानाने येणाऱ्या प्रवाशास आपल्या गावी यावयाचे आहे. स्थानक, गाडी, शिल्लक वेळ आणि दुसरा बेत यांसह त्याच्यासाठी एक चिठ्ठी तयार करा.