'पार' म्हणजे किती?

जर्मनीतील आखेन शहरी अभियांत्रिकी शिकण्यास गेलेला एक मराठी विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. दिवस हिवाळ्याचे, आणि खोली तापविण्याचे यंत्र नेमके बंद पडलेले. वृद्ध घरमालकीण त्याला धीर देते, की 'आइन पार' दिवसांत कारागीर येईल. पुण्यास असतानाच विद्यार्थ्याने कोशात पाहून ठेवलेले असते : 'पार' म्हणजे जोडी. जोडी म्हणजे दोन! दोन दिवसांनी तो तास बुडवून कुडकुडत खोलीत बसून राहतो. कारागीर येत नाही. बाईंनी शब्द मोडला असे त्याच्या मनात भरते आणि सायंकाळी जिन्यात भेट होताच तो तुटकपणे बोलतो. बिचाऱ्या बाईंना त्याच्या रागाचे कारणच उमगत नाही.

दोष कोणाचाच नव्हता. आपल्या गावच्या वडाखालील पाराशी नाते नसलेला हा 'पार' मूळचा लॅटिन. त्या भाषेत 'पार' म्हणजे समान. सारख्या दोन वस्तू मिळून जर्मन भाषेत एक 'पार' होतो. बुटांचा पार, मोज्यांचा पार. पतिपत्नींनाही पारच म्हणतात. मराठीतही पायांतला जोडा असतो आणि नवराबायकोचाही जोडा असतो, हे येथे ध्यानात यावे.

परंतु ह्याच शब्दाला दुसरा अर्थ आहे : थोडे, काही. 'आइन पार टागे' म्हणजे काही दिवस. तीन, चार, कदाचित सहाही. आपण 'दोन-चार दिवसांत येतो' असे सांगतो, तेव्हा ऐकणारा दुसरा आणि चौथा दिवस मोजत बसत नाही. मराठी शिकणारा एखादा जर्मन मात्र बरोबर चौथ्या दिवशी दारात उभा राहील!

लिहिताना हे दोन अर्थ सहज वेगळे होतात. जर्मन लेखनात प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे काढतात. जोडीचा 'पार' हे नाम, म्हणून त्याचा 'प' मोठा. 'काही' ह्या अर्थाचा लहान. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नसल्याने मराठी डोळ्यांना ही सवय मुद्दाम लावावी लागते. नामांचा हा थाट सर्वच जर्मनांना रुचला असे नाही. थोर भाषापंडित याकोब ग्रिम ह्यांना तो नापसंत होता. १८५४ मध्ये निघालेल्या त्यांच्या कोशाच्या पहिल्या खंडातील विवेचनात साधी नामे लहान अक्षरांनीच छापली आहेत.

कानांना मोठे अक्षर कसे ऐकू यावे? तेथे विभक्ती मदतीला येते. 'मिट' म्हणजे 'सह'. 'मिट आइनेम पार' म्हटले तर जोडी, 'मिट आइन पार' म्हटले तर काही; कारण दुसऱ्या अर्थी 'आइन' मुळीच बदलत नाही. शिवाय दिवस काही बुटांसारखे जोडीने येत नाहीत, हा साधा विचारही पुरतो.

अनेकवचनाचीही एक गंमत आहे. तीन जोड बूट म्हणजे 'ड्राय पार शूए'. माप म्हणून आलेला 'पार' एकवचनीच राहतो. तीन जोडपी नाचू लागली, तर मात्र 'ड्राय पारे'. मराठीतही मोजे तीन 'जोड' आणि माणसे तीन 'जोडपी'.

इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणारा येथे हमखास ठेचकाळतो. इंग्रजीत विजार, चष्मा आणि कात्री ह्यांचीही जोडी करतात. जर्मनात विजार म्हणजे एक 'होझे', चष्मा म्हणजे एक 'ब्रिले', कात्री म्हणजे एक 'शेरे'. मराठी मुलाने घरातल्यासारखेच बोलावे, म्हणजे तो चुकत नाही.

त्या विद्यार्थ्याला हे उमगले ते बाईंनी दाराला लावलेल्या चिठ्ठीमुळे. कारागिराला अजून काही दिवस लागतील, असे तीत लिहिले होते. 'पार'चा 'प' लहान होता. तो खाली गेला आणि ओशाळून त्याने आपली समजूत सांगितली. बाई हसल्या. "डास झिंट त्स्वाय पार शूए," त्या म्हणाल्या. शब्दशः, हे तर दोन जोड बूट! दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत, हे सांगण्याची ती जर्मन रीत. मग त्यांनी कपाटातून एक जाड पांघरूण काढून त्याच्या हाती दिले.