छायाचित्रातील माशी

गेल्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातून मामांनी मोबाईलवर एक छायाचित्र पाठविले. रेशीम अळ्यांच्या रॅकवर बसलेली करडी माशी, आणि खाली एकच ओळ : ‘हीच उझी का रे?’ मी कलाशाखेचा विद्यार्थी. पण कीटकांचा नाद जुना. पाठीवर काळे पट्टे दिसताच ‘होय’ असे कळवून मोकळा झालो. मामांनी खर्च करून दारे-खिडक्यांना जाळ्या मारल्या. अळ्या मात्र मरतच राहिल्या.

उझी, म्हणजेच एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, ही टॅकिनिडी कुळातील परजीवी माशी होय. पश्चिम बंगालमधून ती १९८० साली कर्नाटकात पोहोचली व तेथील रेशीम उत्पादकांच्या तोंडचे पाणी पळाले. मादी जिवंत अळीच्या अंगावर बारीक पांढरट अंडे चिकटविते. दोन-तीन दिवसांत त्यातील कीड कातडी भेदून आत शिरते व तेथे काळा डाग उरतो. पुढे ती कोष फोडून बाहेर आली, तर त्या कोषाचा अखंड धागा निघत नाही.

माझी चूक पट्ट्यांपाशी झाली. उझीच्या पाठीवर चार पट्टे असतात. पण आपल्या घरमाशीच्याही पाठीवर चारच! मामांच्या छायाचित्रातील माशीला, नीट मोजले तेव्हा, तीनच निघाले. शिवाय पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे. ती मांसमाशी होती, सार्कोफॅगा. ही बहुधा मेलेल्या, कुजणाऱ्या जिवांवर येते. म्हणजे अळ्या आधी मेल्या, माशी मागून आली. फुगलेले सांधे आणि फुटलेल्या कातडीतून वाहणारा दुधी द्रव ही ग्रासरी रोगाची लक्षणे मामांनी पुढे सांगितली. मी ती आधी विचारलीच नव्हती. रोगट अळ्या वेळीच वेचून नष्ट करणे आणि संगोपनगृह निर्जंतुक करणे हे तेव्हा हवे होते, जाळ्या नव्हेत.

टॅकिनिडी माशीची खरी खूण वरून दिसत नाही. वक्षाच्या मागील टोकाला एक लहान ढाल असते. तिच्याखाली ठळक फुगवटा असला तर कूळ बहुतेक ठरले. त्यासाठी छायाचित्र बाजूने हवे. पोटावरचे राठ केस व शृंगिकेवरचा बिनपिसांचा तंतू हेही पाहावे. (घरमाशीचा तंतू पिसासारखा असतो.) इतके करूनही जात ठरेलच असे नाही. एक्झोरिस्टाच्या जाती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या, की नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. म्हणून माशी कशातून निघाली, ही माहिती मला छायाचित्राइतकीच मोलाची वाटते.

यंदा मामांचे दुसरे छायाचित्र आले. बाटलीत झाकून ठेवलेल्या कोषातून निघालेली माशी, बाजूने टिपलेली, फुगवटा स्पष्ट. तरी उत्तर लिहिण्याआधी मी विचारले, ‘मामा, अळ्यांच्या अंगावर काळे डाग होते का?’