गुणदान आणि मूल्यमापन : एक विचार

'किती पडले?' हा आपल्याकडे विद्यार्थ्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न. 'काय येते?' असे सहसा कोणी विचारीत नाही.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने ते पहिली ते आठवीला लागू केले. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन ७० टक्के व संकलित ३० टक्के. सातवी-आठवीला हे प्रमाण ४० व ६० होते. आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारे : निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय इत्यादी. मूल कोठे अडते ते वेळीच कळावे, हा त्यामागील हेतू.

परंतु या साऱ्याचे शेवटी गुणच केले जातात आणि बेरजेवर श्रेणी पडते. ८१ ते ९० ला अ-२, ९१ पासून अ-१. म्हणजे ९० व ९१ मधील एका गुणाने श्रेणी बदलते, ८१ व ९० मधील नऊ गुणांनी बदलत नाही! 'हातच्याची वजाबाकी चुकते, तोंडी हिशेब मात्र अचूक' ही नोंद शिक्षकाला उपयोगी. नुसत्या 'ब-२' वरून त्याने काय ओळखावे? वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके बाजारात मिळतात, यातच सारे आले. अर्थात दोष एकट्या शिक्षकाचा नव्हे. दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्याने नोंदी लिहावयाच्या तरी केव्हा?

शाळेने दिलेल्या गुणांवर समाजाचा विश्वास नाही, हेही खरे. दहावीला भाषांचे २० अंतर्गत गुण काढले, तेव्हा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० वर आला. (त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता.) गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. मुले तीच, गावे तीच. बदलली ती मोजपट्टी.

आपल्या तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला. त्यांचे ज्ञान लेखी उत्तरपत्रिकेत मावले नसते. राजूर-भंडारदऱ्याकडील जे मूल आईबापांबरोबर भाताच्या आवणीला जाते, त्याला रोप केव्हा उपटावे ते ठाऊक असते. परिसर अभ्यासात ते तोंडी विचारता येते. विचारतो कोण?

२०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, तीतही न जमल्यास त्याच वर्गात. त्या दोन महिन्यांत शिक्षकाच्या हाती केवळ '२८ गुण' असतील, तर तो पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा शिकवील. नोंद असेल तर हातच्यापासून सुरुवात करील.