मुलांनी त्वचेची निगा कशी राखावी

आमच्या घरी कोंकणी बोलतात. कोंकणीत अंगावरील त्वचेस 'कात' असे म्हणतात. मराठीत हा शब्द मुख्यत्वे सापाने टाकलेल्या आवरणापुरता उरला आहे (विड्यात घालावयाचा कात निराळा), आणि 'कात टाकणे' हा वाक्प्रचार तुमच्या निबंधांतून आम्हांस दरवर्षी वाचावयास मिळतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता कोंकणीचा अर्थ अधिक यथार्थ आहे असे आम्हांस वाटते. कारण कात केवळ सापच टाकतो असे नाही, मनुष्यही टाकतो. साप ती एकदम टाकतो, म्हणून ती गडग्याच्या दगडांत अडकलेली दिसते. मनुष्य ती कणाकणाने टाकीत असतो. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, वाटेत मरते, चपटी होते आणि सुमारे चार आठवड्यांनी आपणांस नकळत गळून पडते. म्हणजे गणेशचतुर्थीस तुमच्या मुखावर जी बाह्यत्वचा होती ती दिवाळीपर्यंत बहुतेक शिल्लक राहत नाही. ज्या वस्तूचे नूतनीकरण असे अखंड चालू आहे, तिची निगाही रोज थोडीथोडी घ्यावी लागते, हे ओघानेच आले.

मुलींना या बाबतीत आई, आजी, मावशी यांच्याकडून काही ना काही शिकवण मिळते. मुलग्यांना कोणी काही सांगत नाही. पुरुषाने आपल्या चेहऱ्याचा विचार करणे हे नटवेपणाचे लक्षण आहे, अशी एक समजूत समाजात रूढ आहे, आणि तिच्यामुळे आठवी-नववीतला मुलगा आपले प्रश्न घेऊन वडिलांकडे न जाता दुकानदाराकडे, जाहिरातींकडे किंवा मोबाइलच्या पडद्यावरील गुळगुळीत चेहऱ्यांकडे जातो. आम्ही भाषा शिकविणारे. वैद्यकाचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि जे शास्त्राने निश्चित झाले आहे ते सोप्या शब्दांत मांडण्यास तेवढ्या अधिकाराची आवश्यकता नसावी.

सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले आहेत आणि दूध तापताना त्यावर जशी साय धरते तसे ते धरतात, असा सुरेख दृष्टान्त दिला आहे. आधुनिक शास्त्र मुख्यतः बाह्यत्वचा, अंतस्त्वचा आणि त्याखालील मेदाचा थर असे तीन भाग मानते. प्रौढ मनुष्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरते. शरीरातील सर्वांत मोठी इंद्रिये मोजावयाची तर तिचे नाव प्रथम घ्यावे लागेल. अंतस्त्वचेत घर्मग्रंथी असतात, तशाच केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. मुलगा वयात येऊ लागला की शरीरातील पुरुषसंप्रेरके वाढतात आणि त्यांच्या आज्ञेने या तैलग्रंथी एकाएकी जोमाने कामास लागतात. पुरुषाची त्वचा स्त्रीच्या त्वचेहून थोडी जाड आणि अधिक तेलकट असते, ती याच कारणाने. चौदाव्या वर्षी नाक आणि कपाळ चकाकू लागले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. शरीर आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालले आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आता प्रक्षालनाकडे वळू. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि हा आम्लपणा जंतूंना दूर ठेवतो. नेहमीचा अंगाचा साबण मात्र अल्कधर्मी असतो. तो मळ काढतो त्याबरोबर त्वचेचे स्वतःचे स्निग्ध आवरणही काढून नेतो, आणि मग धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो. पुष्कळ मुले या ताणलाच स्वच्छतेची खूण समजतात! वास्तविक तो त्वचेचा निषेध आहे. साबणाच्या वेष्टनावर 'टी.एफ.एम.' असा एक आकडा छापलेला असतो. तो साबणातील मेदाचे प्रमाण दाखवितो. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ते 76 टक्के, दुसऱ्या प्रतीच्या 70 टक्के व तिसऱ्या प्रतीच्या 60 टक्के तरी असावे लागते. अंगासाठी साबण निवडताना हा आकडा पाहावा, साबणावरील चित्र पाहू नये. चेहऱ्यासाठी सौम्य, सुगंधविरहित फेसवॉश परवडत असेल तर तो बरा. नसेल तर साबणाचा हात चेहऱ्यावरून हलकाच फिरवून भरपूर पाण्याने धुतला तरी चालते. सकाळी एकदा आणि सायंकाळी खेळून आल्यावर एकदा, एवढे पुरे. मधल्या वेळी घाम आला तर नुसते पाणी. कोणी मुलगा दिवसातून सहा वेळा साबण लावील तर त्याची त्वचा कोरडी व चुरचुरी होईल आणि मुरुमे तशीच राहतील. चेहरा पुसताना पंचा घासू नये, टिपावा. आणि तो पंचा स्वतःचा असावा. उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा तरी धुतला जातो की नाही, हेही पाहावे. तो आईनेच धुवावा असा काही शास्त्रार्थ नाही.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग करण्यास सांगितले आहे, आणि ऊन पाणी अंगावर घ्यावे पण मस्तकावर घेऊ नये असा इशाराही दिला आहे. आपल्याकडे अभ्यंग आता नरकचतुर्दशीपुरते राहिले: पहाटे अंगाला नारळाचे तेल, उटणे, ऊन पाणी आणि पायाखाली चिरडलेले कारीट. हातापायांस नारळाचे तेल लावणे आजही उत्तम. स्नानानंतर त्वचा किंचित ओली असतानाच ते चोळावे, म्हणजे आतले पाणी आतच राहते. परंतु ज्याच्या मुखावर मुरुमे आहेत त्याने तेच तेल चेहऱ्यास लावू नये, रंध्रे बुजतात. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर उतरते आणि तेथे बारीक पुटकुळ्यांची रांग उठते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. अशा मुलांनी पाण्याचा अंश अधिक असलेले हलके मॉइश्चरायझर वापरावे. भरड उटण्याने चेहरा खसाखसा घासणे हा तर मुरुमांवर सूड उगविण्याचा प्रकार आहे, आणि सूड शेवटी आपल्यावरच उलटतो.

उन्हाविषयी आमच्या मुलांइतके बेफिकीर कोणी नसेल. चैत्र-वैशाखात गोव्याच्या माध्यान्ही अतिनील किरणांचा निर्देशांक अकराच्याही वर जातो. जागतिक मापनात ही शेवटची, अत्यंत तीव्र अशी पायरी आहे. या किरणांपैकी 'ब' जातीचे किरण त्वचा भाजतात. 'अ' जातीचे अधिक खोल जातात, खिडकीच्या काचेतूनही येतात आणि त्वचेस अकाली म्हातारी करतात. सनस्क्रीनवरील 'एस.पी.एफ. 30' याचा अर्थ असा की ते योग्य प्रमाणात लावल्यास 'ब' किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडविले जातात. 'योग्य प्रमाणात' हे शब्द येथे महत्त्वाचे. तर्जनी व मध्यमा या दोन बोटांच्या लांबीइतके मलम चेहरा आणि मान यांस लागते. मुले त्याचा चौथा हिस्सा लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. मैदानावर असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. ज्यास हा खर्च झेपत नाही त्याने टोपी घालावी, आणि क्रिकेटचा सामना दुपारी बाराऐवजी सायंकाळी चारनंतर मांडावा. टोपीने आणि सावलीने जे साधते ते थोडेथोडके नसते.

मुरुमांचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता. कवितावाचनात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नववीच्या मध्यास तो मागच्या बाकावर बसू लागला, हाताचा तळवा गालावरून काढीना, आणि स्नेहसंमेलनासाठी नाव देण्यास त्याने साफ नकार दिला. कारण विचारता तो काही बोलला नाही. बोलण्याची आवश्यकताही नव्हती. ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यांना आपले पंधरावे वर्ष विसरले असावे. मुरुमे ही अस्वच्छतेची शिक्षा नव्हे, तशी ती वाईट विचारांचीही शिक्षा नव्हे. तेलाने आणि मृत पेशींनी केसाचे रंध्र बुजते, तेथे जंतू वाढतात, सूज येते, इतकेच घडते. नाकावरील काळे ठिपके मळाने काळे झालेले नसतात. बुजलेल्या रंध्रातील द्रव्य हवेच्या संपर्काने काळवंडलेले असते, म्हणून ते घासून निघत नाहीत. मुरूम फोडल्यास वण राहतो, आणि वण मुरुमापेक्षा दीर्घायुषी असतो. त्यावर टूथपेस्ट लावू नये. लिंबाचा रस तर कदापि लावू नये. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात. सौम्य मुरुमांवर 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम बहुधा पुरेसे होते, परंतु तेही डॉक्टरांस वा जाणत्या औषधविक्रेत्यास विचारूनच घ्यावे. त्याने पंचाचा रंग उडतो, हे आईला आधीच सांगून ठेवावे! गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत निराश होऊन मलम बदलणारा मुलगा कधीच बरा होत नाही. आणि सुजलेल्या, दुखऱ्या गाठी असतील तर घरगुती उपायांत एक दिवसही न घालविता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. उपरोक्त विद्यार्थी गेला. पुढच्या वर्षी तो व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा त्याच्या गालांवर चारदोन मुरुमे होतीच. पण हात खाली होता.

दाढीविषयी थोडक्यात. किंग जिलेट याला 1904 साली सुरक्षित वस्तऱ्याचे एकस्व मिळाले, आणि घरच्या घरी दाढी करणे सोपे झाले. पण ती कशी करावी हे पात्याच्या पुडीवर कोणी लिहीत नाही. स्नानानंतर केस मऊ असतात, तेव्हा दाढी करावी. फेस लावून दोन-तीन मिनिटे थांबावे. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने पाते फिरवावे. उलट फिरविल्यास केस कातीच्या आत वळतात व मानेवर लाल पुटकुळ्या येतात. एक पाते पाच ते सात वेळांहून अधिक वापरू नये, आणि ते दुसऱ्यास, सख्ख्या भावासही, देऊ नये. कावीळ 'ब' रक्तातून पसरते. केशकर्तनालयात नवे पाते घालावयास सांगण्यात संकोच कसला? किंचित रक्त आल्यास तुरटी उत्तम, मात्र ती आपल्या घरची हवी.

आता गोरेपणा. भारतात गोरे करणारे मलम म्हणून 'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आले; पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' 2005 साली आले; 2020 साली पहिल्याने आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून तेथे 'ग्लो' घातला. नाव बदलले, हव्यास बदलला नाही. त्वचेत रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक त्या किती रंगद्रव्य तयार करतात यात असतो. आणि ते द्रव्य म्हणजे निसर्गाने दिलेली छत्री आहे. आपल्या अक्षांशावर ती मिटून ठेवण्याची इच्छा धरणे हे आम्हांस तरी समजत नाही.

पण हा केवळ आवडीनिवडीचा वाद असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. चिठ्ठीवाचून विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ते चोळल्यावर पहिले काही आठवडे चेहरा खरोखरच उजळतो, मुरुमे दबतात, मित्र स्तुती करतात. पुढे त्वचा पातळ होते, उन्हात लाल होऊन जळजळते, मुरुमे दुप्पट उठतात. मलम थांबविले की सारे भडकते, म्हणून मुलगा ते पुन्हा लावतो. असे चेहरे देशभरातील त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. म्हणून नळीवरील बारीक अक्षरे वाचावयास शिका. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावे किंवा 'आर-एक्स' ही खूण दिसली तर डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून ते चेहऱ्यास लावू नका. ज्या मलमावर घटकांची नावेच नाहीत, त्यात याहून वाईट काही असू शकते. 2023 साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात पारायुक्त गोरेपणाची मलमे वापरणाऱ्या काही रुग्णांची मूत्रपिंडे बिघडल्याचे डॉक्टरांस आढळून आले. त्वचेवर लावलेला पारा त्वचेपाशी थांबत नाही.

हेच स्टेरॉइड गजकर्णावरही लावले जाते, आणि पावसाळ्यात आमच्या भागात गजकर्ण घरोघरी असते. ओले कपडे, ओले मोजे अंगावर वाळू देणे हे त्याचे आमंत्रण. खाज तात्पुरती थांबते, कवक आत पसरत राहते. मांड्या व काखा कोरड्या ठेवाव्या, घरातील बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावे आणि औषध डाग दिसेनासा झाल्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. एखादा फिकट चट्टा खाजत नाही, दुखत नाही, पण तेथे स्पर्शच कळत नाही, असे आढळल्यास मात्र त्याच आठवड्यात आरोग्यकेंद्रात जावे. कुष्ठरोगाचा आरंभ असा होऊ शकतो, आणि वेळीच ओळखल्यास तो औषधांनी पूर्ण बरा होतो. ती औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे जाताना आजवर लावलेल्या सर्व मलमांच्या नळ्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्याव्या. डॉक्टर प्रथम त्याच मागतात.