मानेवरील काळपटपणा आणि पूर्वरूपावस्थेतील प्रमेह : वऱ्हाडातील पथ्यविचार

प्रास्ताविक

अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील वैद्यबंधूंच्या चिकित्सालयात अलीकडे एक तक्रार वारंवार येते. पंधरा ते तीस वर्षांचा तरुण किंवा तरुणी, सोबत बहुधा आई, आणि पहिलेच वाक्य असे : ‘मान काळी पडली, घासून घासून थकलो, जातच नाही.’ पाहता मानेच्या मागील बाजूस, काखेत, जांघेत त्वचा काळपट, जाडसर व मखमलीसारखी लागते. खाज नाही, स्राव नाही, वेदना नाही. या विकृतीस आधुनिक शास्त्रात ‘अॅकॅन्थोसिस निग्रिकन्स’ म्हणतात. बहुसंख्य रुग्णांत ही त्वचेची व्याधी नसून शरीरातील इन्सुलिन प्रतिरोधाचे बाह्य लक्षण असते. म्हणून रुग्ण सौंदर्यासाठी आला असला, तरी वैद्याने त्याकडे भावी प्रमेही म्हणून पाहावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी दर्यापूरकडील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आमच्याकडे आली. मान काळी आणि मासिक पाळी अनियमित, अशा दोन तक्रारी होत्या. विवाहाची बोलणी सुरू असल्याने आईचा सारा रोख मानेवर होता. आम्ही रक्तदुष्टी कल्पून महामंजिष्ठादि काढा व लेप दिला, पाळीसाठी शतावरी कल्प दोन-दोन चमचे दुधातून सांगितला. तीन महिने गेले, मान तशीच राहिली आणि वजन दोन किलोने वाढले. तेव्हा प्रथमच आम्ही तिच्या कमरेला टेप लावला. घेर ८८ सेंमी होता, उपाशीपोटी रक्तशर्करा १०८ निघाली. शतावरी कल्पात बहुतांश साखर असते हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही, परंतु लिहून देताना आठवले नाही. लेप निष्फळ ठरला एवढ्यावर हे थांबत नाही. मेदोदुष्टीच्या रुग्णास आम्हीच संतर्पण दिले होते. ही कबुली देण्याचे कारण इतकेच की अशी चूक अनेकांच्या हातून नकळत होत असावी.

संप्राप्ती

चरकाचार्यांनी निदानस्थानात प्रमेहाची जी पूर्वरूपे सांगितली, त्यांत आलस्य, तंद्रा, तृष्णा, हातापायांचा दाह व सुप्ती यांबरोबर शरीरावर मळ साचणे हेही लक्षण आहे. काळ्या मानेचा रुग्ण ‘मळ निघत नाही’ असेच म्हणतो. दोन्ही एकच आहेत असा आमचा आग्रह नाही, परंतु त्वचेवरून प्रमेहाची चाहूल घ्यावी ही दृष्टी संहितेत आहे. सूत्रस्थानात संतर्पणोत्थ व्याधींच्या गणनेत प्रमेह, अतिस्थौल्य व त्वग्विकार एकत्र येतात, हेही लक्षात घ्यावे. जाड, खरस्पर्श त्वचा पाहून चर्मकुष्ठ किंवा किटिभ असे निदान करण्याचा मोह होतो. तो टाळावा.

आधुनिक विचार असा. पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते. रक्तशर्करा काही वर्षे जवळजवळ प्राकृत राहते, मात्र वाढलेले इन्सुलिन त्वचेतील पेशींच्या वाढीस चालना देते आणि त्वचा जाड होऊन तिला सूक्ष्म वळ्या पडतात. काळा रंग मुख्यतः या जाडीमुळे दिसतो. म्हणूनच घासण्याने उपयोग होत नाही, उलट घर्षणाने जाडी वाढते. १९७६ मध्ये कान व सहकाऱ्यांनी तीव्र इन्सुलिन प्रतिरोध आणि ही त्वग्विकृती यांचा संबंध दाखवून दिला. १९८८ मध्ये रीव्हन यांनी इन्सुलिन प्रतिरोध, रक्तदाब व मेदविकृती यांची साखळी मांडली.

आपल्या लोकांविषयी एक विशेष ध्यानात ठेवावे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बी.एम.आय. २२.३ असा समान होता, पण शरीरातील मेद एकात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांत २१.२ टक्के निघाला. अर्थात वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय मेदाने स्थूल असू शकतो. म्हणून वजनापेक्षा कंबर महत्त्वाची.

परीक्षण

चिकित्सालयात पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

१. कंबरेचा घेर : पुरुषात ९० सेंमी व स्त्रीत ८० सेंमी यांहून अधिक असल्यास विकृत समजावा.

२. उपाशीपोटी रक्तशर्करा : १०० ते १२५ मिलिग्रॅम ही पूर्वावस्था, १२६ व त्यापुढे मधुमेह (दुसऱ्या तपासणीने निश्चित करावा).

३. एचबीए१सी : ५.७ ते ६.४ टक्के ही पूर्वावस्था. पांडुरोगात, तसेच सिकलसेलच्या रुग्णात ही तपासणी फसवी ठरते. विदर्भात, विशेषतः मेळघाटात, सिकलसेल आढळतो. तेथे प्रत्यक्ष रक्तशर्करेवरच विसंबावे.

४. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, रक्तदाब, यकृताची सोनोग्राफी, आणि स्त्रियांत पाळीचा इतिहास व थायरॉइड.

५. औषधेतिहास : स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या इत्यादींनीही असा काळपटपणा येऊ शकतो.

एक अपवाद प्रत्येकाने मनात कोरून ठेवावा. प्रौढ किंवा वृद्ध, कृश व वजन घटत असलेल्या रुग्णात ही विकृती अकस्मात उद्भवली, वेगाने पसरली, तळहात व ओठांवरही आली, तर आमाशयादी अवयवांच्या अर्बुदाची शंका घ्यावी. अशा रुग्णास पथ्य सांगत न बसता त्याच आठवड्यात तपासणीस धाडावे.

वऱ्हाडी आहाराचा विचार

आमच्या आजोबांच्या पिढीत वऱ्हाडात ज्वारी हेच मुख्य अन्न होते. १९९० नंतर खरीप ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनकडे गेले, घरात शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ आले, आणि भाकरीची जागा पोळीने घेतली. यावरून ‘ज्वारी खा, साखर जाईल’ असा सरसकट उपदेश केला जातो. तो अर्धसत्य आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम तंतू असतात, आणि कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठातही प्रमाण जवळजवळ तेवढेच असते. तीन भाकरी व ठेचा असे जेवण ज्वारीचे असूनही पिष्टप्रधानच राहते. पूर्वी ते पचत होते, कारण दिवसभर डवरणी, वेचणी, पाणी शेंदणे होते. आज भाकरी कमी करून तिच्या सोबत वरण-भाजी वाढवणे हे खरे पथ्य होय. ज्वारीचा लाभ असा की भाकरीला तेल लागत नाही, आणि मैद्याच्या पदार्थांप्रमाणे ती अतिप्रमाणात खाल्ली जात नाही.

चरकाचार्यांनी प्रमेहीस जव, मूग, जुने धान्य, तिक्त शाक सांगितले. नवान्न, दही, गुळाचे विकार, आसनसुख व निद्रासुख यांना हेतू म्हटले. ही यादी आजच्या वऱ्हाडी ताटावर अशी उतरते.

सकाळी : मुगाची दोन धिरडी किंवा मोड आलेले मूग, सोबत ताक. चहा दिवसातून दोनदाच, साखरेविना. गुळाचा चहा हा पर्याय नव्हे.

दुपारी : प्रथम काकडी-मुळा, दोन वाट्या भाजी व एक वाटी घट्ट वरण, आणि नंतर एक ते दीड भाकरी (सुमारे ६० ग्रॅम पीठ). भाजी-वरण आधी व धान्य नंतर घेतल्यास जेवणानंतरची शर्करा कमी चढते. भाज्यांत कारले, मेथी, पावसाळ्यात तरोटा व काटवल, एरवी अंबाडी, पोकळा, घोळ.

चार वाजता : मूठभर फुटाणे.

रात्री आठच्या आत : एक भाकरी, झुणका, पालेभाजी. नंतर पंधरा मिनिटे शतपावली.

तेल दरडोई महिन्यास अर्ध्या किलोपर्यंत असावे. कचोरी, गिला वडा, आलुबोंडा आठवड्यातून एकदाही कारणपरत्वेच. उपवासाची साबुदाणा खिचडी हे निव्वळ पिष्ट होय. तेथे थोडी भगर व ताक घ्यावे, आठवड्यातील दोन उपवास एकावर आणावेत. मांसाहारी रुग्णास अंडी, मासे, कोंबडीचा पातळ रस्सा चालतो.

पथ्याबरोबर व्यायाम हवाच. आठवड्यास १५० मिनिटे जलद चालणे व दोन दिवस दंड-बैठका. ज्या अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, तेथील वैद्याने व्यायामाचे महत्त्व परक्या ग्रंथांतून सांगण्याची आवश्यकता नाही.

या मार्गास आधार आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी पूर्वावस्थेतील ५३१ भारतीयांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-विहाराने मधुमेहाची शक्यता २८.५ टक्क्यांनी, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी घटली. दोन्ही एकत्र दिल्याने अधिक लाभ झाला नाही.

सावधानता

कृश, दुर्बल प्रमेहीस लंघन देऊ नये. स्थूल-बलवान व कृश-दुर्बल हा भेद चरकाचार्यांनीच चिकित्सेच्या आरंभी केला आहे. जो रुग्ण इन्सुलिन किंवा शर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेत आहे, त्याचे धान्य एकाएकी घटवल्यास शर्करा धोकादायक उतरते. त्याच्या चिकित्सकाशी बोलूनच मात्रा व पथ्य ठरवावे. गर्भिणी व वाढत्या वयातील मुले यांना कडक पथ्य सांगू नये.

औषधालयचालकांस विनंती

मान काळी म्हणून मलम मागणाऱ्यास स्टिरॉइडमिश्रित गोरेपणाचे मलम चिठ्ठीविना देऊ नये. त्वचा पातळ होते, मूळ व्याधी झाकली जाते. अवलेह, च्यवनप्राश, साखरयुक्त कल्प, तसेच आसव-अरिष्टे देताना ग्राहकाची कंबर व कुटुंबातील मधुमेह विचारावा. ‘मधुमेह समूळ बरा’ अशी पाटी दुकानात लावू नये. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये मधुमेहाविषयी अशी जाहिरात निषिद्ध आहे.

उपसंहार

त्या विद्यार्थिनीचा कल्प आम्ही बंद केला, तिच्या आईस चूक मोकळेपणाने सांगितली, वरील पथ्य सुरू केले. वसतिगृहात भाकरी मिळेना, तेव्हा एकच पोळी व दोन वाट्या वरण असा मार्ग काढला. पाच महिन्यांत वजन ७१ वरून ६६ किलो झाले, पाळी नियमित होऊ लागली, उपाशीपोटी शर्करा ९४ आली. मान प्रथम मऊ झाली, रंग त्यानंतर हळूहळू उतरू लागला आणि पूर्ण गेला नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रंगाला सहा महिने ते वर्ष लागते, कधी थोडा उरतो, हे पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे रुग्ण दीड महिन्यात पथ्य सोडत नाही. ‘डॉक्टरसाहेब, मान गोरी केव्हा होईल?’ असे आईने विचारले असता आता आम्ही आधी टेप काढतो. आपणही मेजावर एक टेप ठेवावा, ही विनंती.