छाणी रस्त्यावरचं जड पाणी: शस्त्रनियंत्रणाचा अभ्यास कुठून सुरू करावा?

निजामपुऱ्यातून छाणीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात फर्टिलायझरनगर येतं. तिथला जीएसएफसीचा खताचा कारखाना बडोद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला लागूनच अणुऊर्जा विभागाचा जड पाण्याचा प्रकल्प आहे, हे मात्र वर्गात विचारलं तर फार हात वर होणार नाहीत. शस्त्रनियंत्रण हा विषय प्रकल्पासाठी घेतला की आपली गाडी हिरोशिमाहून निघते आणि थेट जिनिव्हाला जाऊन थांबते. मधली पानं इंटरनेटवरून उतरवलेली असतात. मला वाटतं, ही गाडी छाणी रस्त्यावरून काढावी.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. निःशस्त्रीकरण म्हणजे शस्त्रं नाहीशी करणं. शस्त्रनियंत्रण म्हणजे शस्त्रं आहेत हे धरून चालायचं आणि त्यांची संख्या, चाचण्या, त्यांना लागणारा माल यांवर मर्यादा घालायची. शिवाय ती मर्यादा पाळली जाते का, हे तपासायचं. रासायनिक शस्त्रांचा करार १९९७ मध्ये लागू झाला, भारताने आपल्याकडचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. हे निःशस्त्रीकरण. अण्वस्त्रांबाबत जे चालतं ते बहुतेक शस्त्रनियंत्रणच असतं. वर्तमानपत्रं हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. निदान साहित्य मंडळाच्या सभासदांनी तरी तसं करू नये.

आता जड पाण्याकडे येऊ. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एखादा अणू जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्युटेरियमचा असतो. असे अणू वेचून केलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी जड भरतं. पण वेचायचे तर हायड्रोजनचा मोठा प्रवाह हवा, आणि तो कुठे असतो? अमोनिया करणाऱ्या खताच्या कारखान्यात! म्हणून हे प्रकल्प खतांच्या कारखान्यांच्या शेजारी दिसतात: बडोद्याला, हजीऱ्याला, आपल्या अलिबागजवळ थळला. बडोद्याचा प्रकल्प कारखान्याकडून वायू घ्यायचा, त्यातला ड्युटेरियम काढून घ्यायचा आणि वायू परत करायचा. खत व्हायचं ते होतच राहायचं.

यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होतील असं स्वप्न पाहिलं. आपल्या कॉलेजात ते कुणाला सांगायला नको. इथे गंमत अशी की फाळाच्या कारखान्यातून जाणारा एक पाइप कुठे वळतो, यावर सगळं अवलंबून आहे.

जड पाणी हे स्वतः शस्त्र नव्हे. त्याचा स्फोट होत नाही. पण ते वापरलं की अणुभट्टी समृद्ध न केलेल्या, साध्या युरेनियमवर चालते. तिच्यातून वीज मिळते आणि जळलेल्या इंधनातून प्लुटोनियमही वेगळा करता येतो. मुंबईला तुर्भ्यात १९६० मध्ये सायरस ही अणुभट्टी सुरू झाली. भट्टी कॅनडाने दिली, जड पाणी अमेरिकेने दिलं, दोन्ही शांततेच्या कामासाठी. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीचा प्लुटोनियम याच भट्टीतला होता. भारत म्हणाला, स्फोटही शांततेसाठीच आहे. ‘शांततेसाठी’ या एका शब्दाचा अर्थ करारात नीट बांधलेला नव्हता, आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर वाद झाला. पुढे पुरवठादार देशांनी एकत्र येऊन गट केला आणि निर्यातीचे नियम आवळले, त्यात जड पाणीही आलं. मराठीच्या तासाला शब्दशक्ती शिकताना कंटाळा येतो ना? करार वाचताना तीच उपयोगी पडते.

मग विद्यार्थ्याने संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय? गुपितं शोधायची नाहीत. हिशेब करायचा.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे गॅरी मिलहॉलिन हे अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी १९८६ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचा प्रश्न अगदी किराणा दुकानातल्या वहीसारखा होता: माल आला किती आणि लागला किती? १९८३ ते १९८५ या काळात कल्पक्कमच्या दोन अणुभट्ट्या आणि तुर्भ्याची ध्रुव सुरू झाल्या. वीज करणाऱ्या त्या काळच्या एका भट्टीला जड पाणी लागतं अडीचशे टनांच्या आसपास. सोव्हिएत संघाकडून आणलेल्या जड पाण्याबरोबर आंतरराष्ट्रीय देखरेखीची अट यायची, त्यामुळे देखरेखीबाहेरच्या भट्ट्यांना ते चालणार नव्हतं. उरलं देशात तयार झालेलं. आणि तिथे आपलं बडोदं येतं. इथला प्रकल्प जुलै १९७७ मध्ये सुरू झाला, डिसेंबरात स्फोट होऊन बंद पडला आणि १९८० मध्ये पुन्हा चालू झाला. कागदावरची क्षमता एक, हातात आलेलं पाणी दुसरंच. मिलहॉलिन यांनी मांडलं की देशी उत्पादनात हा हिशेब बसत नाही, म्हणजे पाणी गुपचूप बाहेरून आलं असणार. भारताने ते नाकारलं. पुढे नॉर्वेच्या चौकशीत निघालं, की १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीसाठी म्हणून निघालेलं १५ टन जड पाणी बाझलमार्गे मुंबईकडे गेलं होतं.

हा लेख पटो न पटो, पद्धत घेण्यासारखी आहे. पण तिची कमजोर बाजूही बघा. ‘एवढं उत्पादन झालं असावं’ हा अंदाज जरा इकडे तिकडे झाला की निष्कर्ष हलतो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे लिहायचं: ही क्षमता, की प्रत्यक्ष उत्पादन, की कुणाचा तर्क? वहीत तीन रकाने आखले तरी पुरे. बरेच छापील शोधनिबंध एवढंही करत नाहीत.

दुसरा सराव याद्या वाचण्याचा. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारासाठी भारताने नागरी आणि लष्करी सुविधा वेगळ्या करण्याची योजना २००६ मध्ये संसदेपुढे ठेवली. २२ अणुभट्ट्यांपैकी १४ देखरेखीखाली येणार होत्या. जड पाण्याच्या प्रकल्पांपैकी थळ, तुतिकोरिन आणि हजीरा ही तीन नावं नागरी उपयोगासाठी म्हणून दिली होती. त्याच ठिकाणी पुढे असंही म्हटलं होतं, की देखरेखीच्या दृष्टीने हे प्रकल्प प्रस्तुत आहेत असं आम्ही मानत नाही. म्हणजे ‘नागरी’ असणं आणि ‘देखरेखीखाली’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. घाईत वाचणारा इथे हमखास घसरतो.

बडोद्याचं नाव त्या यादीत नाही. इथे दुसरी घसरण. नाव नाही, म्हणून आपल्या शेजारी बॉम्बचा कारखाना, असं लिहिणं सोपं आहे आणि असे लेख खूप वाचलेही जातात. यादी फक्त एवढंच सांगते की या तीन प्रकल्पांबद्दल सरकारने अमुक शब्द दिला. उरलेल्यांबद्दल ती गप्प आहे. त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा तर दुसरा कागद हवा: अणुऊर्जा विभागाचे वार्षिक अहवाल, लोकसभेतली प्रश्नोत्तरं. हे उघड कागद आहेत, मागावे लागतात आणि वाचायला रटाळ असतात.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रकल्पाच्या फाटकाशी मोबाइल काढून फोटो घेत उभं राहू नका. ती मनाई असलेली जागा असते, आणि आपल्या अभ्यासाला त्या फोटोचा उपयोगही नाही. ओळखीतले कुणी काका तिथून निवृत्त झाले असतील तर त्यांना आतलं काही विचारून अडचणीत आणू नये. बाहेरचं विचारा. स्फोट झाला त्या दिवशी आवाज कुठवर आला, घरी काय सांगितलं, दुसऱ्या दिवशी पाळीला माणसं कशी गेली. ही माणसं आता सत्तरीपुढची आहेत, आणि हे सगळं मराठीत, गुजरातीत त्यांच्या तोंडून आत्ताच लिहून घेता येईल. अहवालांची घाई नाही, ते ग्रंथालयात थांबतील.

वही घेतलीत तर पहिली ओळ तयारच आहे: जुलै १९७७, बडोदे, प्रकल्प सुरू. तिसऱ्या रकान्यात, हे कुणी सांगितलं ते लिहा. या लेखाचं नाव घालू नका. मूळ कागद शोधून त्याचं घाला.